हवालदारांची शान

हवालदारांना नवा माणूस भेटला की ते त्याचं नाव विचारत नसत, जिल्हाही विचारत नसत. "गाव किती फुटांवर?" हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरचा गोंधळून जायचा. दोह्यात नजमा भागातल्या आमच्या खोलीत आम्ही नऊ जण राहायचो. कुणी वेल्डर, कुणी ड्रायव्हर, कुणी सुतार. आपलं गाव तालुक्यापासून किती मैल ते प्रत्येकाला ठाऊक होतं, पण समुद्रापासून किती उंच हे कोण कशाला लक्षात ठेवतो? मी सिन्नरकडचा, एसी आणि फ्रीजचं काम करणारा. मलाही सांगता आलं नव्हतं. "सोत्ताच्या गावाची उंची ठावं न्हाय, आन् मशिनी दुरुस्त करतोय," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं होतं.

दोह्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "हितं काय हाय? शून्य. मानूस शून्यावर ऱ्हायला की त्याची अक्कलबी हळूहळू शून्यावर येती."

ते मूळचे साताऱ्याकडचे. लष्करात खेचरांच्या तुकडीत होते आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी लडाखमध्ये काढली होती. हुद्दा खरोखर हवालदाराचा होता की नाही, देव जाणे. सगळे हवालदार म्हणत आणि ते ओ देत. निवृत्त झाल्यावर एका कतारी मालकाच्या घोड्यांचे सईस म्हणून ते आखातात आले. आणीबाणी उठल्यानंतरची एक-दोन वर्षं असतील. आमच्या खोलीत त्यांच्या गावचा एक ड्रायव्हर होता, म्हणून महिन्यातून एखाद्या शुक्रवारी ते सकाळी यायचे, केस कापून घ्यायचे, जेवायचे आणि दुपार व्हायच्या आत परत जायचे. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. ते जिना चढताना दर चार पायऱ्यांवर थांबत, तोंड मिटून नाकानं श्वास घेत, मग पुढच्या चार पायऱ्या. तब्येत ठणठणीत होती. डोंगरातली सवय होती ती. मागून कुणी धडधडत वर आला की हात आडवा करत. "हळू. वर हवा कमी आस्ती."

पण त्यांना मी आधी खोलीत भेटलो नव्हतो. आधी भेटलो ते त्यांच्या राज्यात.

माझ्या कंपनीकडे त्या मालकाच्या घरांचं काम होतं. मालकाला सगळे अरबाब म्हणत. सलवा रोडनं अर्ध्या तासावर त्यांचा मजरा होता, म्हणजे शेतमळा. खजुराची झाडं, घोडे, ससाणे, हरणांचं कुंपण, पाहुण्यांसाठी मजलिस. तिथल्या कोल्ड रूमचा गारवा कमी झालाय असा निरोप आला. जुलैचा महिना. मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. मटण नाहीतर भाजी ठेवत असतील अशा समजुतीनं जाड दार ओढलं.

आत बारा-चौदा डिग्री असावं. माझ्या अंगावरचा घाम एका क्षणात गार पडला. समोर एक माणूस उलट्या डब्यावर बसला होता. अंगात लष्करी लोकरीचा स्वेटर, गळ्याला मफलर, गळ्यातच सुतळीनं बांधलेला थर्मामीटर. त्याच्या पलीकडे लोखंडी गज आणि गजांच्या मागे, दगडांच्या ढिगावर, धुरासारख्या रंगाचं एक जनावर.

"दार लाव," तो माणूस म्हणाला. मराठीत. मी मराठी आहे हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. घाईत तो प्रत्येकाशी मराठीच बोले, हे मला पुढे समजलं.

मी दार लावलं.

"बिबट्या?"

"बिबट्या असल तुमच्याकडं. ही शान हाय."

लडाखमध्ये हिमबिबट्याला शान म्हणतात. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ वेगळा, पण तिच्याकडे पाहिल्यावर तोही चुकीचा वाटत नव्हता. शेपूट अंगाएवढी लांब आणि मनगटाएवढी जाड. ती शेपूट तिनं नाकावरून ओढून घेतली होती, आपण शाल ओढून घेतो तशी. फिकट डोळे तेवढे वर दिसत होते. पंजे थोराड, तळव्यालाही केस.

"डोळ्याला डोळा देऊ नगं," हवालदार म्हणाले. "तुझं मशीन बघ."

मी गॅस भरला, कॉइल साफ केली. तासभर तरी लागला असेल. तेवढ्या वेळात ते एकदाही उठले नाहीत. काम संपल्यावर थर्मामीटर दिव्याकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "मेस्तरी, आता तूच यायचं. दुसरा आला तर मी दार उघडनार न्हाय." त्या दिवसापासून मी त्यांचा मेस्तरी झालो.

ती तिथे कशी आली, ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. अरबाबांना कुणा व्यापाऱ्यानं एक पेटी भेट पाठवली होती. कागदांवर 'मांजर' असं लिहिलं होतं म्हणे. पेटी उघडली तेव्हा आत दोन पिल्लं होती, त्यातलं एक मेलेलं. जिवंत असलेलं मेलेल्याच्या अंगावर मान टाकून पडलं होतं. हे कसलं पिल्लू हे मजऱ्यावर कुणालाच कळेना. घोड्यांना चारा घालून आलेले हवालदार गर्दीतून पुढे झाले आणि ओरडले, "पानी मारा! भितीवर पानी मारा, भिताड गार करा!" ज्या माणसाला कधी कुणी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं, त्याचं ते ओरडणं ऐकून अरबाबांनी तिथल्या तिथे पिल्लू त्यांच्या ताब्यात दिलं. पुढे अरबाबांनीच तिच्यासाठी ती थंड खोली बांधून घेतली.

अरबाब वाईट माणूस नव्हता. कधीकधी तो एकटाच येई, पांढऱ्या पायघोळ कपड्यावर जाड कोट चढवून, आणि हवालदारांनी सरकवलेल्या डब्यावर बसून तिच्याकडे बघत राही. दोघांची एक भाषा नव्हती. पंधरा-वीस मिनिटांनी उठून तो "शुक्रन" म्हणे आणि जाई. हवालदारांना तो आवडायचा. "गप बसाया येतं त्याला," ते म्हणायचे. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही.

मुदीर, म्हणजे मजऱ्याचा व्यवस्थापक, मंगळूरकडचा होता. तो मात्र हवालदारांना वेडा समजे. त्याचं तरी काय चुकलं? हा माणूस दुपारचा बाहेर पन्नासच्या आसपास पारा असताना लोकरी स्वेटर घालून अंगणातून चालायचा. तिच्या जेवणाच्या दिवशी जेवायचा आणि तिच्या उपासाच्या दिवशी उपास करायचा. डोंगरात शिकार रोज मिळत नाही, म्हणून तिलाही रोज द्यायचं नाही असा त्यांचा नियम होता, आणि तिला उपाशी ठेवून आपण जेवणं त्यांना पटत नसे. मुदीर मला हिंदीत म्हणायचा, "तुम्हारा हवालदार किसी दिन मर जाएगा, और जवाब मुझे देना पड़ेगा."

दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा मिळायची. आमच्यातले सगळे टेपरेकॉर्डर, अत्तर, साड्या बांधून घरी जायचे. हवालदार गावी आठ-दहा दिवस काढत आणि तडक लडाखला जात. सोबत तारेच्या जाळीची भेंडोळी. तिथल्या गावांत मेंढ्यांच्या गोठ्यांना दगडी भिंती असतात, पण वर छप्पर नसतं, नाहीतर छपराला मधोमध मोठं भोक असतं. हवालदार गोठ्यावर चढत आणि जाळी ठोकून बसवत. एका रजेत तीन-चार गोठे व्हायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पाठवलं नव्हतं.

"घरचे काही म्हणत नाहीत?" मी एकदा विचारलं.

"म्हनत्यात की."

"मग?"

"मग काय? म्हनत्यात."

एकदा ते रजेवरून परतताना दोह्याच्या विमानतळावर अडकले. त्यांच्या ट्रंकेत कपड्यांत गुंडाळलेला एक दगड निघाला. चांगला दहा-बारा किलोचा. कस्टमवाल्याला काही कळेना. त्यानं एका पाकिस्तानी हमालाला दुभाषा म्हणून बोलावलं.

"यह क्या है?"

"पत्थर."

"किस लिए?"

"बिल्ली के लिए."

दगड फोडून आत काही नाही ना ते पाहायचं ठरलं. हवालदार त्यावर पालथे पडले. शेवटी अरबाबांच्या नावाचा फोन झाला आणि दगड सुटला. डोंगरात हिमबिबटे ठरावीक कड्यांना गाल घासतात, त्यावर मुतून वास ठेवतात. एकटी फिरणारी जनावरं ती, एकमेकांची गाठ फारशी पडत नाही, त्यांचं जे काही बोलणं असतं ते या वासातून. असल्या एका कड्याचा तुकडा त्यांनी तिच्यासाठी आणला होता.

तो दगड आत ठेवला तेव्हा मी फिल्टर बदलायला गेलो होतो, म्हणून मला पाहायला मिळालं. ती बराच वेळ लांबूनच हुंगत राहिली. मग जवळ आली, वरचा ओठ मागे खेचून तोंड उघडं ठेवून उभी राहिली, आणि मग एक गाल, दुसरा गाल असं घासत सुटली. घशातून फुरफुर असा आवाज काढत होती. ही जात वाघासिंहासारखी डरकाळी फोडत नाही. खुशीत असली की नाकातून अशी फुरफुरते. हवालदारांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता हे खूश होणार.

झालं उलटंच. थंडीचे दिवस होते. हिमबिबट्यांचा जोडीचा काळ ऐन हिवाळ्यात असतो, जानेवारीपासून पुढे महिना-दोन महिने. ती आता वयात आली होती. दगडाचा वास लागल्यावर तिनं बोलवायला सुरुवात केली. लांब, चढत जाणारी, मधेच तुटणारी हाक. जाड भिंतींतूनही ती संध्याकाळच्या वेळी सगळ्या मजऱ्यावर ऐकू यायची. घोडे बिथरायचे. मजूर कानांवर हात ठेवायचे. पंधरा-वीस दिवस चाललं ते. हवालदारांनी दगड बाहेर काढला, खोली धुऊन काढली, तरी हाक थांबेना.

"कुनाला बोलावती?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिकडं आसती तर आतापातूर नर आला आसता. तीन-सव्वातीन महिन्यानी पिल्लं झाली आसती, ऐन उन्हाळ्यात, कडंकपारीत. आईनं सोत्ताच्या पोटाची लोकर उपटून आथरली आसती. आठ दिसानी डोळं उघडत्यात पिल्लं. दीड-दोन वरीस आईच्या मागनं फिरत्यात, मग ज्याचा त्यो. हितं म्या तिला निस्ती आठवन आनून दिली. म्या गाढव."

त्याच दिवशी त्यांनी मला गोठ्याची गोष्ट सांगितली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

लडाखमध्ये नोकरीत असताना जुलैच्या महिन्यात ते खेचरांवर शिधा लादून वरच्या ठाण्याकडे निघाले होते. वाटेत उन्हाळी कुरणावर चार-सहा घरांची वस्ती होती. सकाळीच तिथे आरडाओरडा चालला होता. पहाटे एक शान छपराच्या भोकातून गोठ्यात उतरली होती. बंद जागेत शेळ्या सैरावैरा धावल्या आणि तिनं सगळ्या मारल्या. पोटाला लागते एक, मारल्या तीस-चाळीस. मग भरल्या पोटी तिला त्या भोकातून वर उडी घेता येईना, आणि ती मेलेल्या शेळ्यांमध्ये गप्प बसून राहिली.

"त्या बाईचं समदं गेलं हुतं, मेस्तरी. वरसाची लोकर, दूध, समदं. ती छपरावर चढून धोंडं टाकीत हुती आन् रडत हुती. बाकीचंबी टाकीत हुते. मला बघून तिनं एक धोंडा माज्या हातात दिला. शिपाई मानूस, हातात जोर आसल म्हनून. म्या टाकला. नेम धरून टाकला. शेवटचा त्योच."

त्या शानला ओढून बाहेर काढल्यावर त्यांनी पाहिलं तर तिच्या स्तनांना दूध होतं. हवालदार हुकूम मोडून तीन दिवस कडे धुंडाळत राहिले. एका कपारीत लोकरीच्या अंथरुणावर दोन पिल्लं सापडली. एक गेलेलं. दुसऱ्याला त्यांनी कोटात घालून आणलं, दुधाची पावडर कालवून पाजली. अकरा दिवस जगलं.

"बाईचं चुकलं न्हाय. जनावराचंबी न्हाय. छपराला निस्ती जाळी पायजे हुती. चार हात जाळी."

त्यांच्या रजा कुठे जायच्या ते मला त्या दिवशी उमगलं.

आता जे सांगायचं आहे, ते मी बरीच वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचा की त्याच्या पुढचा ऑगस्ट. अरबाब कुटुंबाला घेऊन लंडनला गेले होते. मजऱ्याला शहराची वीज नव्हती, दोन जनरेटर होते. त्यातला मोठा बंद पडला आणि त्याचा भाग यायला आठवडा लागणार होता. लहान जनरेटरवर विहिरीचा पंप आणि कोल्ड रूम एवढं कसंबसं चालत होतं. अशात अरबाबांचे चुलतभाऊ पाहुणे घेऊन येणार असा निरोप आला. मुदीरनं मला बोलावून घेतलं. हवालदार त्या वेळी मटण आणायला पिकअपनं दोह्याला गेले होते.

"मजलिस के एसी चालू होने चाहिए," मुदीर म्हणाला. "कोल्ड रूम की लाईन निकाल के इधर जोड़ दो."

"और वो जानवर?"

"दो घंटे की बात है. खाना खाएंगे, चले जाएंगे. बंद कमरा है, ठंडक रहेगी." मी उभाच राहिलो, तसा त्याचा आवाज खाली आला. "देखो, मेरे भी बच्चे हैं. मेहमान पसीने में बैठे, तो मेरा खलास. तुम्हारा भी."

माझा व्हिसा कंपनीकडे होता. कंपनीचं मोठं काम अरबाबांकडचं. घरी बायको, दोन मुली, धाकट्या भावाचं शिक्षण. हे सगळं माझ्या डोक्यात आलं असं मी आज म्हणतो. खरं सांगायचं तर तेव्हा डोक्यात फार काही आलं नाही. साहेबानं सांगितलं, मी पाना उचलला. लाईन काढली, मजलिसला जोडली, टेप गुंडाळली. मजलिसचे एसी गुरगुरायला लागले. दोन तासांनी लाईन परत जोडायला थांबायला हवं होतं. पण कंपनीतून दुसऱ्या कामाचा फोन आला आणि मुदीर म्हणाला, "जाओ, मैं इलेक्ट्रिशियन से करवा लूंगा." मी गेलो. जाताना त्या खोलीचं दार उघडूनही पाहिलं नाही.

मजऱ्यावर इलेक्ट्रिशियन नव्हताच. पाहुणे जेवले, झोपले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. हवालदारांची पिकअप वाटेत बंद पडली होती, ते पोचले तेव्हा पहाट झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला राहवेना. कामावर उशिरा येतो असं सांगून मी ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी घेतली, बर्फाच्या कारखान्यातून लाद्या भरल्या, वर गोणपाट टाकलं आणि मजरा गाठला.

खोलीचं दार सताड उघडं होतं. हवालदारांनी तिला हरणं न्यायच्या पिंजऱ्यात घालून दोन मजुरांच्या मदतीनं ओढत खजुराच्या सावलीत आणलं होतं. आत भट्टी झाली होती, बाहेर निदान हवा तरी होती. ती कुशीवर पडली होती. तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. अंगभर ती दाट लोकर. डोंगरात जी तिला जगवते, तीच इथे तिला शिजवत होती. हवालदारांच्या अंगात स्वेटर नव्हता. तो भिजवून त्यांनी तिच्या डोक्यावर घातला होता. ते पिंजऱ्याच्या आत, तिच्या शेजारी मांडी घालून बसले होते.

मला पाहून म्हणाले, "आन हिकडं."

आम्ही लाद्या फोडल्या. तिच्या मांडीशी, मानेशी, पोटाशी बर्फ लावला. बर्फ वितळून वाळूत जिरत होता. उंटांचा डॉक्टर येऊन गेला. त्यानं एक सुई टोचली आणि मान हलवली. दहाच्या सुमारास मुदीर आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"लाईन कुनी काढली?" हवालदारांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच, हळू. मुदीरला मराठी कळत नव्हतं, पण प्रश्न कळला.

"मालूम नहीं," तो म्हणाला. "लोड से ट्रिप हुआ होगा."

मी बर्फ फोडत होतो. हात थांबवला नाही, मान वर केली नाही.

दुपारी नमाजची बांग झाली. त्यानंतर थोड्याच वेळात तिच्या बरगड्या हलायच्या थांबल्या. हवालदार तिच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ बसले. मग शेपूट उचलली आणि तिच्या नाकावरून नीट पांघरून दिली.

लंडनहून फोन आला. अरबाबांना फार वाईट वाटलं, असं मुदीर म्हणाला. जनावर फ्रीझरमध्ये ठेवा, युरोपातून माणूस येईल, कातडं नीट काढून भुसा भरेल, मजलिसमध्ये उभं करू, म्हणजे ती कायम आपल्यापाशी राहील, असा निरोप होता. माणूस प्रेमानंच म्हणाला असेल. मुदीरनं हे हवालदारांना हिंदीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "अच्छा," म्हणाले.

मला कंपनीत परतायचं होतं. मी निघालो. पुढचं मला त्यांच्या गावच्या ड्रायव्हरनं सांगितलं. मुदीर फ्रीझर रिकामा करून घेत होता तेवढ्यात हवालदारांनी तिला खांद्यावर टाकलं आणि खजुराच्या पलीकडे कचरा जाळायच्या खड्ड्यात नेऊन ठेवलं. जनरेटरसाठी आणलेला डिझेलचा डबा वर ओतला आणि काडी लावली. भर दुपारी, सगळ्यांदेखत. लोक धावले तेव्हा ते फावडं आडवं धरून उभे होते. कुणी जवळ जायला धजलं नाही. ती कातडी भुसा भरून कुठेही उभी करता येणार नाही इतकी जळेपर्यंत ते हलले नाहीत. मग फावडं खाली ठेवून आपण होऊन मुदीरच्या ऑफिसबाहेर जाऊन बसले.

पोलीस त्यांना घेऊन गेले. आठ-दहा दिवसांनी विमानात बसवून परत पाठवलं. अरबाबांनी खटला करू दिला नाही असं ऐकलं. ट्रंक मजऱ्यावरच राहिली. मी तुरुंगात त्यांना भेटायला गेलो नाही. जायचं ठरवलं होतं. दोनदा ठरवलं होतं.

माझी नोकरी राहिली. त्या कोल्ड रूममध्ये पुढे खजुराच्या पेट्या ठेवू लागले आणि तिची देखभाल माझ्याकडेच होती.

चार वर्षांनी एका रजेत मी पत्ता विचारत त्यांच्या गावी गेलो. डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर. त्यांची बायको अंगणात शेंगा फोडत होती. हवालदार ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. खूप वाळले होते. लष्कराच्या दवाखान्यात छातीचं काहीतरी निघालं होतं, डोंगरावर जायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मला त्यांनी लगेच ओळखलं. "मेस्तरी," म्हणाले आणि सरकून जागा दिली.

चहा झाला. पिकाचं झालं, पावसाचं झालं. बाई आत गेल्या. मी घरून पाठ करून आलेलं सगळं विसरलो आणि नुसतंच म्हणालो, "हवालदार, त्या दिवशी लाईन मी काढली होती."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाय. तू बर्फ घिऊन आलास. तुला कुनी सांगितलं हुतं बर्फ लागंल म्हनून?"

अंगणात कोंबड्या शेंगांची टरफलं उकरत होत्या.

"मग तेव्हा काही बोलला का नाहीत?"

"तवा काम पडलं हुतं."

"आणि नंतर? पोलिसांत?"

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. जाऊ दे म्हणाले असते तर मी तिथेच रडलो असतो. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"माज्याकडं कशाला आलास?" ते म्हणाले. चिडून नव्हे, खरंच कळत नसल्यासारखं. "म्या काय करू त्याचं?"

मी उठलो. पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय आखडून घेतले.

त्यांची बायको मला फाट्यापर्यंत सोडायला आली. एस.टी.ला वेळ होता. आम्ही झाडाखाली उभे राहिलो. आमचं बोलणं तिनं ऐकलं होतं की नाही, मला समजलं नाही.

"ते आल्यापास्नं कुनासंगं बोलत न्हाईत," ती म्हणाली. "माज्यासंगंबी न्हाय. भाकर दिली तर खात्यात, न्हाय दिली तर तसंच बसत्यात. तुमच्यासंगं आज येवढं बोलले. दादा, सवड काडून परत या. आलात तर बोलतील."

गाडी आली. मी चढलो, खिडकीतून हात जोडले आणि "येतो, वहिनी," म्हणालो.

त्यानंतर हवालदार पाच वर्षं जगले. त्या पाच वर्षांत मी दोनदा रजेवर आलो होतो. सिन्नरहून त्यांचं गाव एका दिवसाच्या अंतरावर. मी गेलो नाही.